गेल्या येळवशीला कुठं होता?

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला गुन्हा आधी आठवत नाही. आधी आठवतं ते भर दुपारी रिकामं पडलेलं धाराशिव शहर. दुकानांची शटर खाली, रिक्षाथांबा ओस, बसस्थानकासमोरची चहाची टपरीसुद्धा बंद. एवढं शहर गेलं कुठे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आमच्या तपासाची गाठही तिथेच सुटली.

अशा आठवणी बहुधा निवृत्त अधिकारी लिहितात. माझं वय तेवढं नाही. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी काही वर्षं काम केलं आणि मग खातं सोडलं. का सोडलं, याचा या लेखाशी संबंध नाही. प्रकरणातल्या कोणाचं नावही मी लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं आजही त्याच तालुक्यात राहतात आणि त्यांना त्यांचं आयुष्य आहे.

माझं बालपण नाशिकला गेलं, शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं. पदवी वाणिज्य शाखेची, म्हणून पहिली नेमणूक आर्थिक गुन्हे शाखेत. बोलण्यात मी मुळातच कमी. सुरुवातीला मला वाटायचं, पोलिसात हा मोठाच दोष ठरणार. माझ्याबरोबर काम करणारे हवालदार तामलवाडीचे होते, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, तुमी लई कमी बोलता. ऱ्हाऊ द्या तसंच. समोरचा माणूस गप बसलेल्या माणसाला घाबरून जास्ती बोलतो."

त्या हिवाळ्यात एक फिर्याद आली. फिर्याद देणारे एका सामाजिक संस्थेचे प्रकल्प व्यवस्थापक होते, पुण्याकडचे. त्यांचा आरोप संस्थेच्या धाराशिव कार्यालयातल्या लेखापाल मुलीवर होता.

प्रकरण कळण्यासाठी हिशेबाचा थोडा भाग सांगावा लागेल. या संस्थेचे इकडे आणि पुण्याकडे मिळून बरेच प्रकल्प चालायचे. कुठे नाला खोलीकरण, कुठे प्रशिक्षण केंद्र. प्रत्येकाला पैसा देणारा वेगळा, म्हणून प्रत्येकाचा हिशेबही वेगळा. संगणकातल्या प्रोग्राममध्ये खर्च नोंदवताना तो कोणत्या प्रकल्पाचा, हे निवडावं लागतं. चुकून भलत्या प्रकल्पात पडला, तर तिथून उचलून दुसऱ्या प्रकल्पात टाकता येतो. कार्यालयाचं भाडं, वीज, गाडीचं डिझेल असा सगळ्यांचा मिळून झालेला खर्च टक्क्यांनी वाटूनही देता येतो. यात गैर काही नाही. सगळ्याच कार्यालयांत हे चालतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. खर्च एका प्रकल्पातून दुसऱ्यात गेला, तरी तो ज्या दिवशी झाला ती तारीख त्याच्याबरोबर जाते.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात या संस्थेने आदल्या वर्षी नाला खोल करण्याचं काम घेतलं होतं. सुरुवातीचे काही आठवडे काम खरोखर झालं, मजुरीही वाटली गेली. त्यानंतरच्या आठवड्यांचा घोळ होता. पुण्याकडच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्रकल्पात नोंदवलेलं जेसीबीचं भाडं मागाहून या नाल्याच्या प्रकल्पात हलवलेलं होतं. त्याच आठवड्यांचे मजुरांचे हजेरीपट त्याला जोडलेले होते, आणि मजुरी रोखीने दिल्याची नोंद होती. संस्थेच्या विश्वस्तांनी गावात विचारणा केली, तेव्हा हजेरीपटातली माणसं म्हणाली की एवढे पैसे काही आमच्या हातात आले नाहीत.

व्यवस्थापकांचं म्हणणं अगदी सरळ होतं. काम झालं, माझ्या डोळ्यांसमोर झालं. जेसीबीचं भाडं लेखापाल बाईंनी आधी चुकीच्या प्रकल्पात टाकलं आणि मग दुरुस्त केलं, त्यालाही माझी हरकत नाही. पण मजुरीची रोकड बँकेतून त्यांनी काढली आणि ती मजुरांपर्यंत पोहोचली नाही.

कागद त्यांच्या बाजूने होते. रोकड काढल्याच्या पावत्यांवर मुलीची सही. खर्च हलवल्याची नोंद तिच्या लॉगिनमधून, कार्यालयातल्याच संगणकावर.

ती माझ्याच वयाची होती, लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यातली. खरं तर बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. पण दारात पोलिसांची गाडी नको, म्हणून ती आपणहून जीपने धाराशिवला यायची. सोबत आई. मुलगी आत असेपर्यंत आई बाहेरच्या कडुनिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसायची. कोणी पाणी दिलं तरी प्यायची नाही.

मुलीचा जबाब दर वेळी तोच होता.

"रोकड मी सरांच्या हातात दिली, मॅडम. ते म्हणायचे, साइटवर मीच वाटतो."

"पावती घेतली?"

"सर होते ते. सरांकडं पावती कशी मागायची?"

"आणि खर्च हलवला कोणी?"

"मी न्हाई हलवला."

"लॉगिन तुझं आहे."

"पासवर्ड सगळ्यांला माहीत होता. मॉनिटरच्या मागं चिठ्ठी चिकटवली होती. सर आले की माझ्याच खुर्चीत बसायचे, मला म्हणायचे, चहा सांगून ये."

काका बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगी खरं बोलायली. पण मॅडम, खरं बोलायली, असं दोषारोपपत्रात लिवता येत न्हाई."

हजेरीपटांवरचे अंगठे पुसट होते, सह्या वेड्यावाकड्या. तज्ज्ञांकडे पाठवले, पण तो अहवाल यायला महिने लागतात. मग आम्ही त्या गावात गेलो. हजेरीपटातली नावं खरी निघाली, माणसं समोर उभी राहिली. पण तपासाच्या दृष्टीने तो दिवस फुकट गेला.

"नाल्यावर काम केलं का?"

"केलं की."

"कधी?"

"थंडीत."

"ह्या आठवड्यात होतं का काम?" मी तारखा वाचून दाखवल्या.

"आसंल."

"असेल की होतं?"

पटका बांधलेले एक म्हातारे हसले. "बाई, आमाला तारखा इचारू नका. तारखा तलाठ्याला ठाऊक. आमाला काम ठाऊक."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही वही मिटली. ते खोटं बोलत नव्हते. एक वर्षापूर्वीचा एखादा मंगळवार कोणाला आठवतो? मलाही आठवला नसता.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत राहिली होती. सुरुवातीचे हजेरीपट मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले होते आणि त्यात दर आठवड्याला त्या गावच्या बाजाराचा दिवस कोरा होता. मागाहून जोडलेले पट संगणकावर छापलेले होते. त्यात बाजाराच्या दिवशी सगळे हजर आणि रविवार कोरा. काकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "मजुराला रविवारची सुट्टी? हे कुठलं गाव म्हणायचं?" पण ठेकेदार बदलला की सुट्टीही बदलते, असं व्यवस्थापक सहज सांगू शकले असते. तेवढ्यावर काही उभं राहत नव्हतं.

वरिष्ठ निरीक्षकांनी फाइल पाहिली आणि सांगितलं, "लॉगिन तिचं, सही तिची. उद्या अमावस्येची स्थानिक सुट्टी आहे, ती होऊ द्या. परवा अटक करा."

त्या संध्याकाळी मुलगी नेहमीप्रमाणे जबाब देऊन उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, उद्या यायला लागंल का?"

"उद्या नको. परवा सकाळी या." परवा काय होणार आहे हे मी तिला सांगू शकत नव्हते. पण तिला ते माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"परवा काय करायचं ते करा," ती म्हणाली. "उद्या येळवस हाय. उद्या शेतात गेले न्हाई, तर आई वर्षभर जेवणार न्हाई नीट."

तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं होतं. मला ते समजलं नाही. परवा तुरुंग समोर दिसतोय, आणि ही मुलगी उद्याच्या सणासाठी हायसं वाटून घेते. मी नाशिककडची. येळवस हा शब्द मी तोपर्यंत सुट्ट्यांच्या परिपत्रकात वाचला होता, तोही 'वेळ अमावस्या' असा शुद्ध करून छापलेला. सुट्टी म्हणजे कार्यालयं बंद, इतकाच अर्थ मला माहीत होता. सुट्टीच्या दिवशी शेतात आणि बांधकामावर माणसं राबताना मी लहानपणापासून पाहत आले होते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले, तर ठाणे अंमलदार आणि एक शिपाई, बाकी सामसूम. डबेवाल्या मावशींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या डबा नाही. टपऱ्या बंद. थोड्या वेळाने काका पुतण्याच्या गाडीतून फाटकाशी आले. ते रजेवर होते, पांढरा सदरा, डोक्याला फेटा.

"मॅडम, आज ह्या शहरात तुमाला उपाशी मरावं लागंल. चला शेताकडं."

"मला कोणी बोलावलेलं नाही, काका."

"येळवशीला बोलवावं लागत न्हाई. रस्त्यानं चालणाऱ्याला हात धरून जेवायला बसवत्यात. चला."

साहेबांची फोनवर परवानगी घेतली आणि निघाले. तुळजापूर मागे पडलं. मी खिडकीशी बसले होते. रस्ता मोकळा, फाट्यांवरची हॉटेलं बंद, पण शिवारात जिकडे पाहावं तिकडे माणसं. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभरा हिरवागार, मधे करडईचे पट्टे. प्रत्येक शेतात कडब्याच्या पेंढ्यांची एक लहानशी झोपडी उभी केलेली. तिला कोप म्हणतात, असं पुतण्याने सांगितलं. कोपीभोवती नव्या लुगड्यांतल्या बायका, झाडांना झोके, झोक्यांवर मुलंच नाही तर आज्याही. हे एखाद्या शेतात नव्हतं. नजर पोहोचेल तिथपर्यंत, एकामागून एक, प्रत्येक शेतात होतं. मी काचेला कपाळ लावून बघत राहिले. जिल्ह्याची सगळी घरं कुलुपं लावून रानात येऊन बसली होती.

वाटेत रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. म्हणजे एरवी चालू असायचं. खडीच्या ढिगाशेजारी जेसीबी उभा होता, त्याच्या लोखंडी दातांना झेंडूची माळ घातलेली. आजूबाजूला कोणी नाही.

"हा बंद का?" मी विचारलं.

पुतण्या हसला. "चालवणार कोण, ताई? डायवर बी त्याच्या कोपीत बसला असंल."

"मालकाने जास्त पैसे दिले तरी?"

"कितीबी देऊ द्या," काका पुढच्या सीटवरून म्हणाले. "मॅडम, आज बैलाच्या मानेवरसुद्धा जू ठेवत न्हाईत. माणसाच्या कुठनं ठेवणार?"

काकांच्या शेतात पोहोचलो. काकू पुढे आल्या. "या मॅडम, या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "अगं, ही तर लेकरू हाय! मी म्हणलं पोलिसीण म्हणजे कसली दांडगी आसंल. बूट काढ गं माय, लक्ष्मी बसलीय आत."

कोपीत दगड मांडून त्यांना चुन्याने रंगवलं होतं. ते पांडव. पूजा झाली. काकांनी आंबिलीचं मडकं घेतलं आणि पिकाच्या कडेने चालत ज्वारीच्या पिठाचं, ताकातलं ते आंबट पेय पिकावर आणि बांधावर शिंपडत गेले. मोठ्याने आरोळी देत होते, शब्द कानडी वळणाचे, मला कळले नाहीत. शेजारच्या शेतातून तशीच आरोळी आली. तिच्या पलीकडून आणखी एक. एक माणूस थांबला की दुसरा, दूरवर, कोण देतंय ते दिसतही नव्हतं. मी देवधर्म फारसा करत नाही, पण त्या क्षणी माझे हात आपोआप जोडलेले होते.

जेवायला बसवलं. सगळ्या शेंगाभाज्या घालून शिजवलेली दाट भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि पेला भरून आंबील.

"खायलीस का नुसती बघायलीस?" काकू म्हणाल्या. "लाजायचं ठाण्यात. इथं न्हाई."

मी पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून थांबले. माळ घातलेला तो जेसीबी डोळ्यांपुढे आला होता, आणि त्याच्यामागून हजेरीपट. मागाहून जोडलेले, छापलेले, रविवार सोडून एकही खाडा नसलेले.

"काकू," मी विचारलं, "गेल्या वर्षी येळवस कधी होती?"

"कधी म्हंजी? अवसेला."

"तारीख?"

"तारीख कशाला ध्यानात ठेवायची? ह्या सुनेला सातवा महिना होता, झोक्यावर बसू देईना मी, तर रुसली होती. ती येळवस."

मी मोबाइलवर आदल्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. मार्गशीर्ष अमावस्या. ते हजेरीपट मी इतक्या वेळा वाचले होते की तो आठवडा मला पाठ होता. तारीख त्याच आठवड्यात पडत होती.

"काय झालं, मॅडम?" काकांनी विचारलं.

"उद्या सांगते." खात्री केल्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

पण मी लगेच निघाले नाही. दिवस मावळताना काकांच्या पुतण्याने कडब्याची पेंढी पेटवली आणि ती उंच धरून पिकाभोवती पळत सुटला. मग शेजारच्या शेतात ज्वाळ दिसली, मग पलीकडे. थोड्या वेळात सगळं शिवार पळत्या ज्वाळांनी भरून गेलं, क्षितिजापर्यंत. कोणी कोणाला वेळ सांगितली नव्हती. मी बांधावर उभी होते. माझ्या मनात एकच विचार होता. ही सगळी माणसं गेल्या वर्षीही, त्या तारखेला, अशीच इथे होती. एका मुलीच्या बाजूने अख्खा जिल्हा साक्षीला उभा होता, आणि आम्ही तिला पावती मागत होतो.

सकाळी कुलूप काढून आधी फाइल उघडली. त्या तारखेला सगळे मजूर हजर. जेसीबी दिवसभर चालू. नाल्याच्या प्रकल्पात हलवून आणलेल्या खर्चाबरोबर त्याची तारीखही आली होती, आणि त्याला शोभावेत असे हजेरीपट बनवणाऱ्याने ती तारीख भरून टाकली होती.

काकांनी कागद हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"हे तिनं लिवलेलं न्हाई, मॅडम. ह्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचा हात हे लिवूच शकत न्हाई."

निरीक्षक साहेबही बाहेरचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "इतकं पक्कं?"

"साहेब, चोरी करणारा बी येळवशीला सुट्टी घेतो," काका म्हणाले.

साहेब हसले आणि अटक थांबवली. पण भावनेवर प्रकरण चालत नाही. पुन्हा त्या गावात जाऊन जबाब घ्या, असं सांगितलं.

त्या दिवशी मी तारीख विचारलीच नाही. देवळासमोर तीच माणसं जमली होती. मी एवढंच विचारलं, "गेल्या येळवशीला कुठं होता?"

आणि जे लोक आधी 'आसंल' म्हणून हात झटकत होते, ते बोलायला लागले. कोणाच्या कोपीत कोण आलं होतं, कोणाची आंबील सांडली, कोणाचा जावई रुसून बसला, पुण्याला कामाला असलेला कोणता मुलगा त्या एका दिवसासाठी आला आणि परत गेला. एक सांगायचा आणि दुसरा त्याला दुरुस्त करायचा. "खोटं नको बोलू, तू आधी माझ्या रानात आलता, मग मामाच्या." काकांना लिहायला वेळ पुरेना. पटकेवाले म्हातारे मला म्हणाले, "हे इचारायचं होतं, तर आदी का न्हाई इचारलं, बाई? आमी काय लपवून ठिवलं होतं?"

हजेरीपटातला प्रत्येक माणूस त्या दिवशी कुठे बसून काय जेवला होता, हे सांगणारी माणसं उभी राहिली. नाल्यावर कोणीही नव्हतं.

मग व्यवस्थापकांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. ते माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचे. माझे उच्चार ऐकल्यापासून त्यांना मी आपल्यातली वाटत असावे, आणि शेजारी लिहीत बसलेले काका दिसत नसावेत. मी काहीच न बोलता फाइल उघडून बसले. त्यांनीच सुरुवात केली, काम किती कष्टाने करून घेतलं ते सांगत राहिले. मी पानं उलटत राहिले.

"तुम्ही स्वतः साइटवर असायचा?" मी मराठीत विचारलं.

तेही मराठीत आले. "रोज. मी माणसांवर सोडत नाही, मॅडम."

"काम एखाद्या दिवशी बंद होतं?"

"रविवार फक्त. बाकी एक दिवस नाही."

मी त्या तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी?"

"चालू. जेसीबीपण होता."

"मजूर सगळे आले होते?"

"सगळे. बायका, पुरुष."

"दुपारी जेवले कुठे?"

या प्रश्नाचं त्यांना हसू आलं. "नाल्याच्या काठाला बाभळीचं झाड आहे, त्याच्या सावलीत. भाकरी आणि ठेचा. मलाही आग्रह करून दिला त्यांनी. फार साधी माणसं असतात हो."

काकांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. "साहेब, नुसता ठेचा?"

"हो. का?"

"काय न्हाई. लिवून घेतो."

जबाब पूर्ण झाला, वाचून दाखवला. बरोबर आहे, ते म्हणाले. मग मी आदल्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि तो चौकोन दाखवला.

त्यांनी वाचलं. "वेळ अमावस्या. म्हणजे?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं या जिल्ह्यातल्या गावांच्या नावाने पैसा आणणाऱ्या माणसाला ती गावं त्या दिवशी कुठे असतात, हे ठाऊक नव्हतं.

उत्तर काकांनी दिलं. "म्हंजी त्या दिशी ह्या जिल्ह्यात कुणी ठेचा खात न्हाई, साहेब. आन् कुणी कामावर बी जात न्हाई."

त्यांनी कॅलेंडर हलकेच दूर सरकवलं. हळू आवाजात म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही."

आम्ही पुण्याकडच्या जेसीबीवाल्याचा शोध घेतला. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. "लोहारा? तिकडं कशाला जाऊ? सरांच्या स्वतःच्या प्लॉटचं सपाटीकरण केलं की. त्या दिवशीपण होतो, आमच्याकडं कुठली येळवस?" बिल प्रशिक्षण केंद्राच्या नावाने दिलं होतं. तिथल्या हिशेबाची तपासणी लागली, तेव्हा व्यवस्थापकांनी तो खर्च लोहाऱ्याच्या नाल्याकडे ढकलला, नाल्यावर काम चालू होतं असं दाखवायला हजेरीपट छापले आणि त्या हजेरीपटांवर निघालेली मजुरी स्वतःकडे ठेवली. विश्वस्तांचे प्रश्न आले, तेव्हा ज्या खुर्चीत बसून हे केलं, त्या खुर्चीच्या मालकिणीचं नाव पुढे केलं. पुढे त्यांना अटक झाली. मुलीचं नाव संशयितांतून निघून साक्षीदारांच्या यादीत गेलं.

हे मी तिला सांगितलं. ती बाहेर गेली आणि कडुनिंबाखाली आईच्या शेजारी बसली. आईने पिशवीतून एक डबा काढून माझ्याकडे पाठवला. येळवशीच्या उरलेल्या उंड्यांचे वाळवलेले तुकडे होते. त्या दिवशी आईने पाणी मागून घेतलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. खोटं रचणारा माणूस आकडे जुळवतो, सह्या जमवतो, तारखाही भरतो. पण ते खोटं ज्या गावात नेऊन ठेवायचं, त्या गावाची तो कधी चौकशी करत नाही. आणि आम्ही तपास करणारेही माणसांना आमच्या भाषेत विचारतो आणि त्यांना आठवत नाही म्हणतो. तो दिवस त्यांच्यापाशी पहिल्यापासून होता. मीच त्याचं नाव घेऊन विचारलं नव्हतं.

मी आता एका खासगी कंपनीत काम करते. तिथेही खर्च या प्रकल्पातून त्या प्रकल्पात जात-येत असतात आणि ते तपासणं हेच माझं काम आहे. दर वर्षी मार्गशीर्ष संपताना मी एक दिवस रजा घेते. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत तो दिवस नसतो. साहेब विचारतात, कशासाठी? मी म्हणते, वैयक्तिक. त्याहून जास्त कधी सांगितलेलं नाही.

लोहाऱ्याच्या फाट्यावर उतरलं की ती मुलगी दुचाकी घेऊन उभी असते. तिची आई बांधावरूनच ओरडते, "आली का गं पोलिसीण?" मी पोलिसात नाही, हे तिला दर वर्षी सांगते आणि ती दर वर्षी विसरते. मग आम्ही बूट-चपला बांधावर काढून ठेवतो. आंबिलीचं मडकं मुलीच्या डोक्यावर असतं, मी मागून चालते. दूरच्या शेतातून आरोळी येते, इकडून उत्तर जातं, आणि त्या संध्याकाळपर्यंत मला शोधायचं झालं, तर सगळ्या शिवाराला माहीत असतं की मी कुठे आहे.